एक उपकरण, अनेक वापरकर्ते : स्वतंत्र वापरकर्ता-प्रोफाइल आणि डिजिटल खासगीपणा

सारांश

संगणक व भ्रमणध्वनी ही उपकरणे ‘वैयक्तिक’ म्हणून ओळखली जात असली, तरी घरी आणि महाविद्यालयात त्यांचा वापर प्रत्यक्षात अनेक व्यक्ती करतात. प्रस्तुत लेखात एकाच उपकरणावर स्वतंत्र वापरकर्ता-प्रोफाइल निर्माण करण्याच्या सोयीचा उगम, तिचे कार्य, तिच्या मर्यादा व महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने तिचा उपयोग यांचे विवेचन केले आहे. अध्यापकाच्या उपकरणावर स्वतःच्या माहितीबरोबर विद्यार्थ्यांचीही माहिती असते. म्हणून प्रोफाइल वेगळे ठेवणे हा वैयक्तिक आवडीचा प्रश्न नसून व्यावसायिक कर्तव्याचा भाग आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वापरकर्ता-प्रोफाइल, खासगीपणा, परवलीचा शब्द, एन्क्रिप्शन, किमान अधिकार, विद्यार्थ्यांची माहिती.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाचा संगणक आज टिपणे जपून ठेवण्यापुरता राहिलेला नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रश्नपत्रिकांचे मसुदे, शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबत आलेल्या आधार पत्रांच्या प्रती, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, विद्यार्थिनींचे भ्रमणध्वनी क्रमांक, समुपदेशनाच्या नोंदी, संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण अशी नानाविध माहिती त्यात साठलेली असते. त्याच संगणकावर घरातील मुले अभ्यास करतात, खेळ उतरवून घेतात. विजेचे बिल भरले जाते, प्रवासाची तिकिटे काढली जातात. विभागातील सामायिक संगणकाची स्थिती पुष्कळदा याहून वेगळी नसते. सर्वांसाठी एकच खाते असते, आणि त्याचा परवलीचा शब्द सर्वांना ठाऊक असतो.

या स्थितीकडे लक्ष वेधले असता ‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. स्वतःपुरता तो प्रश्न रास्त मानला, तरी वर दिलेल्या यादीतील बहुतांश माहिती अध्यापकाची नाही. ती विद्यार्थ्यांची आहे. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू उघड्यावर ठेवण्याचा अधिकार ती सांभाळणाऱ्याला नसतो. प्रस्तुत लेखाचा विचार या मुद्द्यापासून सुरू होतो.

२. खासगीपणाची संकल्पना

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात एकमताने निर्णय देऊन खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले. घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीचा तो अंगभूत भाग मानला गेला.

खासगीपणा म्हणजे गुप्तता असा सर्वसाधारण समज आहे. हेलन निसेनबॉम या अभ्यासिकेने २००४ मध्ये त्याची अधिक उपयुक्त मांडणी केली. त्यांच्या मते प्रत्येक माहिती एखाद्या संदर्भात दिली जाते आणि त्या संदर्भाचे काही संकेत असतात. माहिती ते संकेत मोडून दुसऱ्या संदर्भात गेली की खासगीपणाचा भंग होतो. रुग्ण आपला आजार डॉक्टरांना सांगतो, त्यात काही गैर नाही. तोच आजार त्याच्या मालकाला कळला तर मात्र हानी होते. विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीसाठी दिलेला उत्पन्नाचा दाखला कार्यालयात उचित असतो. तोच त्याच्या वर्गमित्रांनी पाहिला तर त्याची मान खाली जाते. माहिती एकच असली, तरी तिचे स्थान बदललेले असते.

या दृष्टीने पाहता स्वतंत्र प्रोफाइल हे संदर्भ वेगळे ठेवण्याचे साधन आहे. घर, अध्यापन, परीक्षा, संशोधन हे आपल्या जीवनातील वेगवेगळे संदर्भ होत. ते सर्व एकाच खात्यात कोंबले, की एकाची माहिती दुसऱ्यात सांडण्यास वेळ लागत नाही.

३. स्वतंत्र खात्याची वाटचाल

एका यंत्रावर अनेकांसाठी स्वतंत्र जागा ही कल्पना वैयक्तिक संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच महागडा संगणक अनेक संशोधकांनी एकाच वेळी वापरावा, असा तिचा हेतू होता. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खाते व परवलीचा शब्द देण्यात आला.

ही व्यवस्था लवकरच कसोटीस लागली. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकाचा वाट्याला आलेला वेळ अपुरा पडू लागला. त्याने परवलीच्या शब्दांची संपूर्ण फाइल छापून मिळावी अशी सूचना संगणकाला दिली आणि ती छापूनही आली! ही हकीकत पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच सांगितली. त्यानंतर काही वर्षांतच त्याच प्रणालीवर दुसरा प्रसंग घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करीत होते. एक जण परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करीत होता, तर दुसरा वापरकर्त्यांना दाखवावयाचा दैनंदिन संदेश. दोघांची कार्यजागा एकच होती आणि संपादनाचा प्रोग्राम तात्पुरत्या फाइलीला ठरावीक नाव देत असे. परिणामी फाइलींची अदलाबदल झाली आणि प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला संदेशाऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द दिसू लागले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. दोन व्यक्तींनी एकच जागा वापरली, एवढेच त्याचे कारण होते. आपल्या विभागातील सामायिक खात्याला हा जुना प्रसंग तंतोतंत लागू पडतो.

पुढे बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीने प्रत्येक फाइलीला मालक, गट व इतर अशा तीन पातळ्यांवर वाचन, लेखन व चालवण्याचे अधिकार दिले. घरगुती संगणक मात्र दीर्घकाळ एकाच माणसाचा मानला गेला. विंडोज ९५ मध्ये निरनिराळ्या वापरकर्त्यांसाठी प्रोफाइल करता येत. परंतु त्यांचा उपयोग पडद्याची मांडणी वेगळी ठेवण्यापुरता होता. परवलीचा शब्द विचारणारी चौकट ‘रद्द करा’ म्हणून बाजूला सारता येत असे व आतील फाइली कोणालाही उघडता येत. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने फाइलनिहाय अधिकारांची व्यवस्था घरगुती संगणकापर्यंत आणली. तरीही संगणक प्रथम सुरू करताना केलेली खाती आपोआप व्यवस्थापकाच्या अधिकाराची होत, त्यामुळे कुंपण असूनही प्रत्येकाच्या हाती फाटकाची किल्ली राहिली. भ्रमणध्वनीच्या बाबतीत अँड्रॉइडने २०१२ मध्ये प्रथम टॅब्लेटवर आणि २०१४ मधील ५.० या आवृत्तीपासून फोनवर अनेक वापरकर्त्यांची सोय उपलब्ध करून दिली.

४. प्रोफाइलचे कार्य

प्रोफाइल म्हणजे निराळे चित्र व निराळे नाव नव्हे. कार्यप्रणाली प्रत्येक वापरकर्त्याला एक ओळख क्रमांक देते. फाइल निर्माण होताच तिच्यावर मालकाच्या क्रमांकाची नोंद होते. पुढे कोणताही प्रोग्राम ती फाइल उघडू लागला, की तो कोणाच्या क्रमांकाने चालला आहे हे कार्यप्रणाली तपासते आणि अधिकार नसेल तर नकार देते. ही तपासणी प्रणालीच्या गाभ्यात होत असल्याने सामान्य प्रोग्रामला तिला वळसा घालता येत नाही.

अँड्रॉइडमध्ये हीच पद्धत एक पाऊल पुढे नेलेली आहे. तेथे प्रत्येक ॲपलाच स्वतंत्र क्रमांक असतो. दुसरा वापरकर्ता निर्माण झाला, की त्याच्या क्रमांकाला एक लाखाने गुणून त्यात ॲपचा क्रमांक मिळवला जातो. समजा, एका ॲपचा क्रमांक १००९५ आहे आणि दुसऱ्या वापरकर्त्याचा क्रमांक १० आहे. तर त्या वापरकर्त्याकडे तेच ॲप १०१००९५ या क्रमांकाने चालते. म्हणून एकाच फोनवर एकच ॲप दोन प्रोफाइलमध्ये असले, तरी प्रणालीच्या दृष्टीने ते दोन परके घटक असतात. एका प्रोफाइलमधील संपर्कयादी वा छायाचित्रे दुसऱ्यातील ॲपला दिसत नाहीत. मुलाने आपल्या प्रोफाइलमध्ये उतरवलेल्या खेळाने संपर्कयादी मागितली आणि मुलाने ती दिली, तरी खेळाच्या हाती पडते ती मुलाची यादी. वर्गातील सत्तर विद्यार्थ्यांचे क्रमांक त्याला मिळत नाहीत.

अधिकारांच्या या व्यवस्थेला एन्क्रिप्शनची जोड लागते. एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा रूपात माहिती साठवणे. अँड्रॉइड ७.० पासून, म्हणजे २०१६ पासून, फाइलनिहाय एन्क्रिप्शन उपलब्ध झाले व २०१९ मधील अँड्रॉइड १० पासून नव्या उपकरणांसाठी ते अनिवार्य करण्यात आले. यात प्रत्येक वापरकर्त्याची किल्ली वेगळी असते आणि फोन सुरू झाल्यावर त्या वापरकर्त्याने आपले कुलूप एकदा उघडेपर्यंत त्याची मुख्य साठवण वाचता येत नाही.

५. प्रोफाइलच्या मर्यादा

साधनाची मर्यादा न जाणता केलेला वापर खोटा निर्धास्तपणा देतो. म्हणून पुढील बाबी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

(अ) व्यवस्थापकाचे खाते सर्व भिंतींच्या पलीकडचे असते. विंडोजमध्ये ज्याच्या खात्याला व्यवस्थापकाचे अधिकार आहेत, तो इतरांच्या फाइली सामान्यतः ताब्यात घेऊन उघडू शकतो. घरातील सर्व खाती त्याच अधिकाराची असतील, तर प्रोफाइल वेगळे करूनही फारसे साधत नाही. जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेले किमान अधिकाराचे तत्त्व येथे मार्गदर्शक ठरते : प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा.

(आ) अधिकारांची तपासणी कार्यप्रणाली सुरू असतानाच होते. संगणकाची डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, किंवा पेनड्राइव्हवरील दुसऱ्या कार्यप्रणालीने संगणक सुरू केला, तर हे पहारेकरी जागेवर नसतात. संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन हाच त्यावरील उपाय आहे. दुरुस्तीला दिलेल्या वा चोरीस गेलेल्या लॅपटॉपच्या संदर्भात हा मुद्दा कळीचा आहे.

(इ) भिंत आपोआप बंद असेलच असे नाही. उबुंटू या लोकप्रिय लिनक्स प्रणालीत एका वापरकर्त्याच्या गृहफोल्डरातील फाइली दुसऱ्याला वाचता येतील अशी रचना दीर्घकाळ होती. एप्रिल २०२१ मधील २१.०४ या आवृत्तीपासून ती बदलून नव्या खात्यांचे फोल्डर मुळातच खासगी करण्यात आले.

(ई) ब्राउझरमधील प्रोफाइल व कार्यप्रणालीतील प्रोफाइल या भिन्न गोष्टी आहेत. ब्राउझरच्या प्रोफाइलमुळे वाचनखुणा, इतिहास व लॉगिन वेगळे राहतात. परंतु त्याच खात्यात बसलेली दुसरी व्यक्ती एका क्लिकसरशी त्यात जाऊ शकते. ती नीटनेटकेपणाची सोय आहे, सुरक्षेची नव्हे.

(उ) दोन प्रोफाइलमध्ये एकच ऑनलाइन खाते वापरले, तर भिंतीला खिडकी पडते. मुलाच्या प्रोफाइलमध्ये पालकाचेच गूगल खाते जोडले, की पालकाची मेल, छायाचित्रे व शोधांचा इतिहास तेथे पोहोचू शकतो.

(ऊ) प्रोफाइल बाहेरच्या जगापासून आपल्याला लपवत नाही. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीला सर्व प्रोफाइल एकाच जोडणीवरून येताना दिसतात.

सारांश, स्वतंत्र परवलीचा शब्द, मर्यादित अधिकार व डिस्कचे एन्क्रिप्शन या तीन अटी पूर्ण झाल्या, तरच प्रोफाइल खासगीपणाचे साधन ठरते. एरवी ते खोलीत टांगलेल्या पडद्यासारखे असते. आडोसा होतो, अटकाव होत नाही.

६. महाविद्यालयीन व्यवहारातील उपयोजन

विभागातील संगणक : व्यवस्थापकाचे खाते एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावे व त्याचा उपयोग दैनंदिन कामासाठी करू नये. प्रत्येक अध्यापकाला साधे खाते द्यावे. सर्वांना लागणारी कागदपत्रे, उदाहरणार्थ वेळापत्रक, अभ्यासक्रम, इतिवृत्ते, सामायिक फोल्डरमध्ये ठेवावीत. त्यांच्यासाठी परस्परांचे परवलीचे शब्द सांगण्याची गरज पडू नये. अध्यापकाची बदली वा निवृत्ती झाल्यावर आवश्यक नोंदी हस्तांतरित करून त्यांचे खाते काढून टाकावे. जागेवरून उठताना विंडोजची कळ व ‘एल’ ही कळ एकत्र दाबली, की पडदा कुलूपबंद होतो. ही सवय कोणत्याही यंत्रणेइतकीच मोलाची आहे.

अध्यापनासाठी वेगळे प्रोफाइल : वर्गात प्रक्षेपकाला जोडलेल्या लॅपटॉपवर व्याख्यान चालू असताना घरगुती संदेश, बँकेची सूचना किंवा एखाद्या विद्यार्थिनीची तक्रार पडद्यावर झळकणे, हा अनेकांच्या अनुभवाचा प्रसंग आहे. केवळ अध्यापनासाठी एक साधे खाते करून त्यात मेल वा संदेशांचे कोणतेही लॉगिन न ठेवल्यास हा प्रसंग टळतो. यासाठी काहीही खर्च येत नाही.

घरचा संगणक : किमान तीन खाती असावीत : व्यवस्थापकाचे, महाविद्यालयीन कामाचे व कुटुंबाचे. मुलांनी उतरवलेल्या संशयास्पद प्रोग्रामची झळ सहसा त्यांच्या साध्या खात्यापुरती मर्यादित राहते, हा त्याचा आणखी एक लाभ होय. कामाच्या खात्यातील फाइल पेनड्राइव्हवर उतरवली, की तिला प्रोफाइलचे संरक्षण उरत नाही, याचे भान ठेवावे.

भ्रमणध्वनी : अनेक अँड्रॉइड फोनवर सेटिंगमध्ये एकाधिक वापरकर्त्यांचा पर्याय असतो, थोडा वेळ फोन दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी अतिथी प्रोफाइलही असते. काही कंपन्या हा पर्याय न देता पर्यायी सोय देतात. सॅमसंगचा सिक्युअर फोल्डर हे त्याचे उदाहरण होय. २०२४ मधील अँड्रॉइड १५ मध्ये ‘प्रायव्हेट स्पेस’ नावाची कुलूपबंद जागा आली. आयफोनमध्ये अनेक वापरकर्त्यांची सोय नाही; तेथे २०२४ मधील आयओएस १८ पासून एखादे ॲप कुलूपबंद करता वा लपवता येते.

या व्यवस्थेला कायद्याचेही अधिष्ठान आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याची रचना त्यात आहे. वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या संस्थेने तिच्या संरक्षणासाठी वाजवी उपाय योजावेत, असे हा अधिनियम सांगतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तो बालक मानतो. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी या व्याख्येत येतात. मात्र व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. म्हणजेच अध्यापकाच्या एकाच लॅपटॉपमधील मुलाच्या वाढदिवसाची छायाचित्रे कक्षेबाहेर आणि वर्गाची गुणयादी कक्षेच्या आत, अशी स्थिती संभवते. कायद्याने कागदावर आखलेली ही रेषा उपकरणावर आखण्याचा सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे स्वतंत्र प्रोफाइल.

७. सामाजिक बाजू

आपल्याकडे उपकरण वाटून वापरणे ही केवळ टंचाईतून आलेली सवय नाही. त्यात आपलेपणाही आहे. म्हणून स्वतंत्र कुलूप मागणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. हा भार स्त्रियांवर अधिक पडतो. नित्या संबासिवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान व बांगलादेश या देशांतील १९९ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. फोन कुटुंबीयांच्या हाती जाणारच हे गृहीत धरून या स्त्रिया फोनला वा ठरावीक ॲपना कुलूप लावणे, एखादा संदेश वा संपूर्ण इतिहास पुसून टाकणे, खासगी पद्धतीने ब्राउझर वापरणे, किंवा काही गोष्टी फोनवर करण्याचेच टाळणे असे मार्ग अवलंबतात, असे त्यात आढळले.

हा निष्कर्ष अध्यापकाने दोन अंगांनी लक्षात घ्यावा. आपली विद्यार्थिनी वापरते तो फोन तिचा एकटीचा असेलच असे नाही. तिला पाठवलेला संदेश भाऊ, वडील वा पती यांच्याही नजरेस पडू शकतो. समुपदेशनविषयक मजकूर पाठवण्यापूर्वी एवढा विचार व्हावयास हवा. दुसरे असे की, घरात प्रत्येकाचे प्रोफाइल उघडपणे व सर्वांसमक्ष निर्माण केले, तर कुलूप हा अविश्वासाचा पुरावा राहत नाही. ती घराची रीत बनते. एकट्या सुनेने वा मुलीने लावलेले कुलूप डोळ्यांवर येते, परंतु प्रत्येकाच्या खोलीला दार असले की दाराची चर्चा होत नाही.

८. समारोप

स्वतंत्र वापरकर्ता-प्रोफाइल ही नवी वा खर्चिक गोष्ट नाही. सहा दशकांपूर्वीच्या सामायिक संगणकाची ती गरज होती व आजच्या बहुतेक उपकरणांत ती विनामूल्य उपलब्ध आहे. ती सर्व धोक्यांवरील उतारा नाही. व्यवस्थापकाचे अधिकार, एन्क्रिप्शनचा अभाव, सामायिक ऑनलाइन खाती यांपुढे तिचे बळ अपुरे पडते. तथापि, विद्यार्थ्यांच्या माहितीचा भंग होण्यास दरवेळी दूरस्थ हल्लेखोरच लागतो असे नाही. एकाच खात्यात बसलेली दुसरी, बहुधा निरुपद्रवी व्यक्तीही त्यास पुरेशी ठरते. तेवढा धोका ही सोय निश्चितपणे कमी करते.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कुलपाच्या कपाटात ठेवण्याची शिस्त अध्यापकवर्गाने पिढ्यान् पिढ्या पाळली आहे. त्या कपाटाची किल्ली आपण मुलांना खेळावयास देत नाही, आणि त्यात कुटुंबाचा अपमान आहे असेही कोणी मानत नाही. उत्तरपत्रिकांचे गुण आता संगणकात आले आहेत. कपाटाची शिस्तही त्यांच्यामागोमाग संगणकात यावयास हवी.